ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा मऊ पडतंय? नुसती हवा काढून भागत नाही

गॅरेजमध्ये हवा काढून घेतली, महिना-दोन महिने बरं चाललं आणि पुन्हा पेडल मऊ. ही तक्रार घेऊन नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या चिपळुणात आमच्या अंगणात येऊन उभ्या राहतात. गणपतीच्या आठवड्यात तर हमखास, कारण भरलेली गाडी कुंभार्ली घाट उतरून आली की ब्रेकची कुरकुर कानाआड करता येत नाही. माझा धंदा वेगळा आहे, पण हे काम हातून इतकं झालंय की पेडलवर पाय ठेवला की दुखणं कुठल्या बाजूला आहे याचा साधारण अंदाज येतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : हवा काढणं आणि ब्रेक ऑइल बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. हवा काढताना चार थेंब बाहेर येतात आणि बाकीचं जुनं ऑइल आत तसंच राहतं. शिवाय बंद सिस्टिममध्ये हवा आपोआप शिरत नाही. पेडल पुन्हा मऊ पडत असेल, तर हवा कुठून येते किंवा आतल्या पाण्याची वाफ होते का, ते आधी शोधायचं. पाना नंतर.

हे सगळं पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे वॅगनआर, आय१०, टियागो या जातीच्या. चारही चाकांना डिस्क असतील तर ड्रमचा भाग सोडून द्या. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेली, हायब्रिड किंवा बॅटरीवरची गाडी असेल तर तपासण्या करा, पण ऑइल घरी बदलू नका. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा दाब संगणक सांभाळतो आणि ऑइल बदलताना त्याला स्कॅनरनं तशी सूचना द्यावी लागते.

लक्षणं

पेडल मऊ आहे एवढंच सांगून काही कळत नाही. कसं मऊ, कधी मऊ, ते बघा.

- पेडल दाबल्यावर लवचिक लागतं, एका जागी ठाम थांबत नाही. भराभर तीन-चारदा मारलं की वर येतं आणि जरा कडक होतं. आत हवा आहे.

- पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर लागतं आणि तिथे कडक असतं, लवचिक नसतं. इथे हवेचा संबंध बहुधा नाही. मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. क्वचित पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असतं आणि हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलत राहते.

- गावात, सपाटीला सगळं ठीक. घाटात अर्ध्यावर पेडल मऊ होत जातं, पार तळाला जातं. गाडी तासभर थंड होऊ दिली की जणू काही झालंच नव्हतं. ऑइलमध्ये पाणी आहे आणि त्याची वाफ झाली. सगळ्यांत धोकादायक लक्षण हे, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं तेही याचंच, कारण खाली आल्यावर गॅरेजवाल्याला दाखवायला काही उरत नाही.

- घाटात पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबायला तयार नाही आणि जळका वास येतो. पॅड आणि लायनर तापून त्यांची पकड गेली. यात ऑइल बदलून काही होणार नाही. खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय लावा आणि पॅड तपासा.

- सिग्नलला पाय दाबून उभं असताना पेडल हळूहळू खाली सरकत राहतं. बाहेर गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलवर देणारा मुख्य सिलिंडर) आतलं रबर गेलंय.

पेडल भलतंच कडक आणि उंच लागत असेल तर बूस्टरकडे (व्हॅक्युमनं पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याच्या व्हॅक्युमच्या नळीकडे बघा. तो वेगळा विषय.

पाणी येतं कुठून

आपल्या गाड्यांमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ऑइल असतं. ते ग्लायकॉल ईथर जातीचं असतं आणि हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक वाट असते आणि रबरी होजमधूनही ओल हळूहळू आत झिरपत राहते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात याला काही तोटा नाही.

शोषलेलं पाणी ऑइलमध्ये मिसळून जातं, दिसत नाही, रोजच्या वापरात जाणवतही नाही. फरक पडतो तो उकळण्याच्या तापमानात. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. साधारण ३.७ टक्के पाणी शोषलं की हीच मर्यादा डॉट ३ साठी १४० वर आणि डॉट ४ साठी १५५ वर येते. पुढच्या कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल डिस्कला अगदी खेटून असतं. भरलेली गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबत घाट उतरली तर तिथे एवढी उष्णता पोचू शकते. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली की आकसते. सगळा जोर ती आकसण्यात खर्च होतो आणि चाकाला काही पोचत नाही.

म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. किलोमीटर कमी झाले तरीही. नेमकी मुदत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आहे. वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणारी, एरवी झाडाखाली उभी असलेली गाडी या बाबतीत टॅक्सीपेक्षा वाईट निघते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. बोनेटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर पुढच्या तपासण्यांची वाट बघायची नाही. ऑइल बदलायचंच, आणि ड्रम उघडून आतला गाळही काढायचा.

बिनखर्चाच्या तपासण्या

सुरुवात पायाखालून. जाड मॅट सरकून पेडलखाली गेलीय का बघा. हसू नका.

मग बोनेट उघडा. गाडी सपाट जागी, ब्रेक थंड. टाकी बोनेटच्या मागच्या बाजूला, चालकासमोर असते. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, कारण मातीचा एक कणही आतल्या रबरावर ओरखडा काढू शकतो. पातळी मॅक्स आणि मिनच्या मध्ये हवी. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि पातळी सावकाश उतरते, ते नैसर्गिक आहे. अशा वेळी वरून ऑइल ओतू नका. ओतलं तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे जाईल आणि जादा ऑइल वर येऊन रंगावर सांडेल. पण पातळी आठवड्या-पंधरवड्यात उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवा.

रंग बघा. नवं ऑइल फिकट मधाच्या रंगाचं असतं, जुनं कोऱ्या चहासारखं होतं, फार जुनं काळपट. काळं दिसलं तर बदला, यात वाद नाही. मात्र स्वच्छ दिसतंय म्हणजे पाणी नाही असं समजू नका. पाण्याला रंग नसतो. टाकीत बुडवून दिवे लागणारं पेनसारखं टेस्टर स्वस्तात मिळतं. त्याचा लाल दिवा मी मानतो, हिरव्यावर भरवसा ठेवत नाही. ते टाकीतलं ऑइल तपासतं आणि सगळ्यांत वाईट ऑइल खाली कॅलिपरमध्ये असतं. गॅरेजवाल्यानं वरच्या वर टाकी उपसून नवं भरलं असेल तर टेस्टर खुशाल हिरवा दिवा दाखवील.

झाकणाच्या आतलं रबर हाताळून बघा. फुगून वेडंवाकडं झालं असेल, पुन्हा जागेवर बसत नसेल, तर टाकीत कुणीतरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. खनिज तेलानं ब्रेकची सगळी रबरं फुगतात. इथे घरचं काम संपलं. गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर (ड्रममधला, लायनर ढकलणारा), कॅलिपर, होज, सगळीकडची रबरं बदलावी लागतात. नुसतं ऑइल बदलून दिलं तर पैसे वाया.

आता सीटवर बसा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधलं व्हॅक्युम संपेल. पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. तसाच जोर लावून मिनिटभर थांबा. पेडल जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. सरकत तळाला जात असेल तर बाहेरची गळती शोधा. ती नसेल तर मास्टर सिलिंडर.

गळती शोधताना

पावसाळ्यात चाकाखालचा ओलावा पाण्याचा की ऑइलचा हे कळत नाही. रात्री चारही चाकांखाली आणि चालकाच्या बाजूला इंजिनखाली जाड पुठ्ठा टाका. सकाळपर्यंत पाणी वाळून जातं. ब्रेक ऑइलचा डाग बोटाला बुळबुळीत लागतो.

टॉर्च घेऊन प्रत्येक चाकाच्या आतली बाजू बघा. मागच्या टायरच्या आतल्या अंगाला ओले ओघळ दिसले तर व्हील सिलिंडर गेलाय. ड्रम उतरवता येत असेल तर सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी हलकेच उचलून बघा. आत नुसता ओलसरपणा असेल तर चालतं, थेंब पडला तर सिलिंडर बदलायचा. वर्षावर्षाला परत येणाऱ्या मऊ पेडलमागे मला सगळ्यांत जास्त वेळा हाच सापडलाय. गळती इतकी थोडी असते की ऑइल ड्रममधल्या धुळीत जिरून जातं, बाहेर काही दिसत नाही. लायनर ऑइलनं भिजले असतील तर तेही बदला, दोन्ही बाजूंचे एकदम. पेट्रोलनं धुऊन पुन्हा बसवायचा उद्योग नको.

टाकीतलं ऑइल कमी होतंय आणि बाहेर टिपूसही नाही, असंही होतं. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकातून ते बूस्टरमध्ये उतरत असतं. दोन्ही जिथे जोडलेत तिथे खालून बोट फिरवा. ओलं लागलं, रंग सोलवटलेला दिसला, तर तपास पुरा झाला.

मागचे ड्रम

पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर, हे लक्षण असेल तर हवा काढत बसण्याआधी हँडब्रेक ओढून बघा. किती टिकटिक झाल्यावर धरायला हवा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापेक्षा फार वर येत असेल तर आतला आपोआप जुळवून घेणारा स्क्रू गंजून अडकलेला असण्याची शक्यता आहे. ड्रम उतरवून धूळ ओल्या कपड्यानं पुसायची, फुंकायची नाही, कारण ती फुफ्फुसात जाते. स्क्रू मोकळा करून अंतर जुळवायचं, आणि मग हँडब्रेकची केबल. केबल आवळून वरचं लक्षण लपवणारे पुष्कळ आहेत. त्यानं हँडब्रेक धरतो, पेडल तिथेच राहतं.

ऑइल बदलणं

गळती नाही, ड्रम ठीक, आणि ऑइल जुनं आहे किंवा घाटाचं लक्षण आहे, तर आता हे काम. दोन माणसं आणि निवांत दुपार हवी. पाऊस पडत असेल तर दुसऱ्या दिवशी करा.

सामान : सीलबंद ब्रेक ऑइल एक लिटर (प्रत्यक्षात याहून थोडं कमी लागतं, पण मध्येच संपायला नको), निपलला (चाकाजवळचा, ऑइल बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) बसणारा रिंग पाना, माशांच्या टाकीला लावतात तशी पारदर्शक नळी, पारदर्शक बाटली, मोठी सिरिंज, जॅक, स्टँड आणि बादलीभर पाणी. निपल बहुतेक गाड्यांना ८, १० किंवा ११ मिलिमीटरचे असतात. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच दर्जाचं घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही. ५ आणि ५.१ हे आकडे जवळचे दिसले तरी माल वेगळा आहे. घरात पडून असलेली अर्धी उघडी बाटली वापरायची असेल तर हे सगळं करण्यात अर्थ नाही, तिनं आधीच पाणी ओढलेलं असतं.

गाडी सपाट, कडक जमिनीवर, पहिल्या गिअरमध्ये. उचलणार नाही त्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅकवर उचलल्यावर स्टँड लावायचाच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, जॅक कितीही नवा असला तरी.

आदल्या दिवशी चारही निपलच्या रबरी टोप्या काढून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत निपल असे धरून बसतात की सरळ पाना लावला तर डोकं गोल होतं. फिक्स पाना वापरू नका. रिंग पाना लावून त्याच्या दांड्यावर हलके ठोके द्या. एकदम जोर करण्यापेक्षा ठोक्यांनी ते लवकर सुटतात. डोकं गोल व्हायला लागलं, किंवा निपल पिळवटल्यासारखा वाटला, की हात थांबवा. आत तुटला तर कॅलिपर किंवा सिलिंडर बदलायची वेळ येते. न तुटलेला निपल गॅरेजवाला गरम करून काढू शकतो.

आधी सिरिंजनं टाकीतलं जुनं ऑइल उपसा. पूर्ण तळ दिसेपर्यंत नाही, आतली भोकं बुडालेली राहतील इतकं ठेवा. या वेळी पेडलला कुणी हात-पाय लावायचा नाही. मग नवं भरा. यामुळे जुनं काळं ऑइल अख्ख्या पाइपातून ढकलत न्यावं लागत नाही.

चाकांचा क्रम साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांना कोपऱ्याकोपऱ्यानं जोडलेली सर्किट असतात आणि त्यांची पुस्तिका वेगळा क्रम सांगते. तसं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

पाना आधी निपलवर बसवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. नळी निपलपासून आधी वर जाऊन मग खाली वळू द्या, म्हणजे बुडबुडे निपलकडे परत येत नाहीत.

पेडलवर बसणाऱ्याशी बोलणं ठरवून घ्या. आमच्याकडे भाचा बसतो आणि शब्द तीनच : मी म्हणतो "दाब", तो पेडल सावकाश दाबून ओरडतो "दाबलं". मी निपल पाव ते अर्धा आटा उघडतो, काळपट ऑइल नळीतून सरकतं, त्याचं पेडल खाली जातं. तो ते तिथेच धरून ठेवतो. मी निपल बंद करतो आणि मगच म्हणतो "सोड". निपल उघडा असताना पाय वर आला तर निपलच्या आट्यांतून हवा आत ओढली जाते, आणि मग "हवा काढली तरी पेडल मऊच" अशी तक्रार होते. पेडलवर बसलेला माणूस मोबाइल बघत असेल तर त्याला उठवा, दुसरा बसवा.

जुन्या गाडीत पेडल पार तळाला जाऊ देऊ नका. मास्टर सिलिंडरच्या आत रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जात नाही तिथे गंज आणि गाळ जमलेला असतो. पिस्टन पूर्ण खोल गेला की रबराची कड त्यावर घासते. काल ठीक असलेला मास्टर सिलिंडर आज गळायला लागतो तो यामुळे. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवून निम्म्या चालीनं काम करा. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघायची. ही सवय मोडली की सगळं मुसळ केरात. टाकी रिकामी झाली तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये जाते, तिथून एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ठोकळ्यात. आपल्याकडे २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस असतोच. त्या ठोकळ्याच्या बारीक वाटांत अडकलेली हवा पेडल मारून निघत नाही. स्कॅनर लावून त्याचा पंप चालवावा लागतो. टाकी भरलेली ठेवलीत तर एबीएस असलेल्या बहुतेक गाड्यांचं ऑइल याच साध्या पद्धतीनं बदलता येतं.

मागच्या डाव्या चाकाला सगळ्यांत जास्त ऑइल लागतं, पाव लिटरच्या आसपास धरा. पुढच्या चाकांना त्याच्या निम्मं. नळीत नव्या ऑइलचा रंग आला, बुडबुडे थांबले, तरी आणखी पाच-सहा दाब काढा, कारण कॅलिपरच्या पोटातलं ऑइल लगेच निघत नाही. निपल बेताचा आवळा. तो लहान आणि पोकळ असतो, चाकाच्या नटासारखा जोर लावला तर मान मोडते.

अंगावर, रंगावर सांडलेलं ऑइल ताबडतोब पाण्यानं धुवा. नुसतं पुसून राहू नका, रंग उचलला जातो.

शेवटी टाकी मॅक्सपर्यंत, झाकण, निपलच्या टोप्या. इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला चारही निपल बघायला सांगा. मग मोकळ्या जागी दहा-वीसच्या वेगात चार-सहा ब्रेक मारून बघा. पेडल समाधानकारक असल्याशिवाय गेटबाहेर जायचं नाही.

सगळं करूनही मऊच

आधी पुढच्या कॅलिपरवर निपल कुठल्या बाजूला आहे बघा. तो वरच्या टोकाला हवा, कारण हवा वर साठते. कॅलिपर उतरवून रबरांचं किट बदलताना डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. वरवर सगळं बरोबर बसलेलं दिसतं. नुकतंच कॅलिपरचं काम झालेल्या गाडीत मी पहिली नजर इथेच टाकतो.

मग रबरी होज. कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगून प्रत्येक होज मुठीत धरा. फुगल्याचं जाणवलं, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर बदला. होज चांगले असतील तर गोल जबड्याच्या होज क्लॅम्पनं ते चारही दाबून बंद करा आणि पेडल बघा. कडक झालं तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. आता एकेक क्लॅम्प सोडा. जो सोडल्यावर पेडल मऊ पडलं, दोष त्या चाकात. या एका युक्तीनं अर्धा दिवस वाचतो. साध्या पकडीनं होज दाबू नका, आतून चिरतो. चारही बंद असतानाही पेडल मऊच असेल तर दोष वरच आहे, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसमध्ये.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

पेडल तळाला जातंय किंवा ब्रेकचा लाल दिवा पेटलेला राहतोय : गाडी चालवत गॅरेजपर्यंतही न्यायची नाही. "हळू हळू जातो" म्हणणाऱ्यांना आमच्या गल्लीचा उतार दाखवावासा वाटतो.

मास्टर सिलिंडर गेलाय अशी खात्री झाली. त्याला किट टाकण्यापेक्षा अख्खा बदलणं मला पटतं, आणि तो बसवणं ज्यानं आधी केलंय त्याच्याकडे द्यावं. लोखंडी ब्रेक पाइप गंजून फुगलेत किंवा त्यांचे नट सुटत नाहीत. एबीएसचा दिवा लागलाय. टाकी मध्येच रिकामी झाली. एक लिटर ऑइल घालून पेडलमध्ये काडीचा फरक नाही. यातलं काहीही असेल तर आणखी एक लिटर आणू नका. गॅरेजमध्ये जाताना काय काय तपासलं आणि काय दिसलं ते कागदावर लिहून न्या. "ब्रेक बघा जरा" म्हणालात तर पुन्हा हवाच काढून मिळेल.

जुनं ऑइल गटारात किंवा परसात ओतू नका. जुनं इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा, पण बाटली वेगळी ठेवा, त्यात मिसळू नका. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नको. नव्या बाटलीत उरलेलं ऑइलही त्याच्याबरोबर देऊन टाका. टाकीवर पांढरी पट्टी चिकटवून बदलल्याचा महिना, वर्ष आणि डॉटचा आकडा लिहून ठेवा; गाडी पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला ते कामी येतं.